कोरी बोटं

४ जानेवारी

चिमणे,

खुशाली शेवटी लिहीन, आधी उत्तर. हो. येते.

तू चार पानं भरून विचारलंयस. ताई, राग येणार नसेल तर, घरातल्यांना चालणार असेल तर, तुमच्या जिवाला झेपणार असेल तर. अगं, तेवढं वाचण्यात माझी अर्धी थप्पी घडी घालून झाली असती. तुझ्या मालकिणीला हाताने पुस्तकं शिवणारी बाई हवी आहे, मी हाताने पुस्तकं शिवते. यात चार पानांचं काय आहे?

पण एक खरं, तिसऱ्या पानावरचा तो मजकूर मी दोनदा वाचला. तू परदेशी निघालीस तेव्हा मी तुला जाड वही शिवून दिली होती, ती मालकिणीने तुझ्या पिशवीत पाहिली, उलटीपालटी केली, पाठीवरच्या शिवणीवरून बोट फिरवलं आणि विचारलं, ‘ही कुणी शिवली?’ तू म्हणालीस, माझ्या मोठ्या जावेने. चिमणे, इथे मला असं कुणी कधी विचारलेलं नाही. इथे पुस्तक बघतात, बांधणारीला कोण बघतंय? आता तर मशीनने गोंद लावून चिकटवतात, शिवायचं काम वर्षातून दोन-चारदा येतं. बाकी दिवसभर छापून आलेल्या मोठाल्या कागदांना घड्या घालायच्या, अंगठ्याने दाबायच्या, पुढचा घ्यायचा. हात आपले चालतात आणि तोंडही चालतं. कारखान्यात माझ्या टेबलावरच्या तिघी मला ‘करवत’ म्हणतात, तोंडावर म्हणतात.

ह्यांना विचारलं. तुला ठाऊक आहे, घड्याळं दुरुस्त करून करून तुझे दादा प्रत्येक गोष्ट उघडून बघतात. दोन दिवस विचार केला आणि म्हणाले, जा, मी सांभाळीन. सासूबाई भिंतीकडे तोंड करून निजल्या होत्या, तिथूनच म्हणाल्या, ‘जाऊ दे की. इथे तरी कुठे थांबते ती.’ यातून काय समजायचं ते तूच समज. तुझ्याशी त्या बोलायच्या. संध्याकाळी तुझी वेणी घालत बसायच्या आणि आतल्या गोष्टी निघायच्या. मी आणि त्या एका घरात इतकी वर्षं राहतोय, पण भांडायलासुद्धा चार शब्द लागतात, तेवढेही आमच्यात होत नाहीत.

पत्रच लिही, फोन नको. फोनवर मी ओरडते आणि तू रडतेस. कागदावर आपण दोघी माणसांसारख्या बोलतो.

सगळे ठीक.

तुझी मोठी जाऊ


२५ जानेवारी

ताई,

साष्टांग नमस्कार. तुम्ही ‘येते’ एवढंच लिहिलंत आणि मी ते पान ह्यांना दाखवायला जिना उतरून गाडीपाशी धावत गेले. हे म्हणाले, वहिनी येणार म्हणजे आता आपल्या घरी भांडी वेळेवर घासली जाणार.

मालकिणीने सगळी कागदपत्रं तयार केली आहेत, सोबत पाठवते. नीट जपा, घडी घालू नका. (तुम्हाला सांगतेय मी, घडी घालू नका म्हणून!) बाहेरच्या देशातून माणूस आणायची तिला मिळालेली परवानगी एप्रिलच्या अखेरपर्यंतच आहे. तोवर तुम्ही इथे पोचायला हवं, नाहीतर सगळं रद्द होतं आणि पुन्हा मिळत नाही. तिची नजर उतरत चालली आहे, सुईत दोरा मला ओवून द्यावा लागतो. मी झाडलोट करायला जाते ना तिथे, पण हल्ली झाडू कमी आणि सुई जास्त.

कारखाना म्हणजे एक लांबट खोली आहे. खिडकीला लागून बाक, बाकाशी दोन स्टुलं. एकावर ती बसते. दुसऱ्यावर पूर्वी तिची बहीण बसायची, ती गेल्यापासून त्यावर कागदांचा ढीग असायचा. परवा तिने तो ढीग उचलायला लावला. मी स्टूल पुसून ठेवलंय.

आमच्या शेजारची खोली रिकामी आहे, तीही बोलून ठेवली. ताई, कागदांची काळजी करू नका, मालकिणीचं पत्र फार चांगलं आहे. व्हिसाच्या कचेरीत गेल्यावर फक्त थोडं हसून बोला. एवढंच माझं मागणं आहे.

आईंना नमस्कार सांगा. त्यांची वेणी कोण घालतं आता?

तुमची चिमणी


२० फेब्रुवारी

चिमणे,

हसून बोलले. काही उपयोग झाला नाही.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते मी काल डोळ्यांनी बघितलं. व्हिसाच्या कचेरीत गेले, ह्यांना बाहेर बसवलं, माझा आकडा आल्यावर आत गेले. कागद बघितले, मालकिणीचं पत्र बघितलं, टेबलामागची मुलगी खूश. म्हणाली, छान, आता बोटांचे ठसे तेवढे द्या. समोर एक काच होती, पत्त्यांच्या जोडाएवढी, आतून हिरवा उजेड. म्हणाली, दाबा. दाबलं. म्हणाली, जरा जोरात. मी म्हटलं, बाई, याहून जोरात दाबलं तर तुझी काच फुटेल. तिने काच पुसली, माझी बोटं पुसली, एकेक बोट स्वतःच्या हाताने दाबून पाहिलं. पोरगी चांगली होती, वैतागली नाही. वैतागले मी.

पडद्यावर काही येईना. दहा बोटांच्या दहा जागा, आणि दहाही कोऱ्या.

मग मोठे साहेब आले. त्यांनी माझं बोट उजेडाकडे धरून खोट्या नाण्यासारखं फिरवून बघितलं आणि विचारलं, तुम्ही काम काय करता? मी म्हटलं, पुस्तकं बांधते, घड्या घालते. ते म्हणाले, कागदाने झिजलीत. बाई, तुमच्या बोटांवर रेषाच राहिल्या नाहीत.

रोज डोळ्यासमोर असलेली बोटं, पण मी कधी बघितली होती का? बाहेर येऊन बघितली. गुळगुळीत, नदीतल्या गोट्यांसारखी. ह्यांनी खिशातून ते घड्याळं बघायचं भिंग काढलं, डोळ्याला लावलं, बराच वेळ बघितलं. म्हणाले, ‘दाते झिजलेलं चक्र बदलता येतं. याला काय करायचं?’

साहेबांनी उपाय सांगितलाय. दीड महिना हातांना पूर्ण आराम. कागद नाही, साबण नाही, घासणं नाही, गरम काही धरणं नाही, रात्री तेल लावायचं. रेषा परत उगवतात म्हणे. एप्रिलच्या मध्यावरची तारीख दिली आहे. तेव्हा उमटले तर ठीक, नाहीतर अर्ज नामंजूर. तुझ्या मालकिणीची मुदत त्यानंतर थोडेच दिवस उरते.

घरी येऊन सांगितलं. सासूबाई अंगठाछाप, सही येत नाही. त्यांनी स्वतःचा अंगठा वर करून बघितला, मग माझा बघितला, आणि म्हणाल्या, ‘शाळेत गेलीस त्याचं फळ.’ तिसरीपर्यंत गेले होते मी!

आता हातावर हात ठेवून बसायचं. मी. शाळेच्या पुस्तकांचा हंगाम तोंडावर आलाय, मालक दुसरी बाई ठेवील. आणि घरचं कोण करणार? मला जमणार नाही, चिमणे, सरळ सांगते. मालकिणीला सांग दुसरी बघ म्हणून.

तुझी मोठी जाऊ


६ मार्च

ताई,

मालकिणीला काहीही सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही.

तुम्ही आजवर माझ्याकडे कधी काही मागितलं नाहीत आणि मागूही दिलं नाहीत. मी या घरात आले तेव्हा मला साधा चहा जमत नव्हता, तुम्ही माझ्या हातून पातेलं काढून घ्यायच्या आणि म्हणायच्या, बाजूला सर, माझं चटकन होतं. तुमचं सगळंच चटकन होतं. एकदा सावकाश होऊ द्या.

ह्यांनी दादांना फोन केला आहे, आईंशीही बोलले. तुम्हाला कळलं असेलच. रागावू नका. ताई, माझ्यासाठी बसा. स्टूल मी रोज पुसते.

तुमची चिमणी


२८ मार्च

चिमणे,

बसले. कशी बसले ते ऐक.

हे पत्र ह्यांच्या लोकरीच्या हातमोज्यांतून लिहितेय, अक्षर लागलं नाही तर मोज्यांना शिव्या दे. कागदाला हात लावायचा नाही असा घरात हुकूम आहे.

तुझ्या नवऱ्याने फोन केला त्या रात्री ह्यांनी स्वयंपाकघराचा ताबा घेतला. भाजी चिरतात ती चिमट्याने उचलून लावल्यासारखी, सगळे तुकडे एका मापाचे. जेवायला उशीर होतो, पण मीठ एकदाही चुकलेलं नाही. मी दारात उभी राहून सूचना करायचे, तर दार लावून घेतलं. म्हणाले, ‘करवत बाहेर ठेवायची.’ म्हणजे कारखान्यातलं नाव घरापर्यंत पोचलंय.

कारखान्याचं सांगते. मी मालकाला सांगायला गेले की दीड महिना येत नाही, दुसरी बाई घ्या. मालक काही बोलायच्या आधी लांबोडी बोलली, ती माझ्या समोर बसते ना, मान उंटासारखी असलेली, तीच. म्हणाली, हिच्या वाटच्या थप्प्या आम्ही तिघी उचलतो, जागा भरायची नाही. चिमणे, या तिघींना मी रोज बोलून बोलून सोलून काढलंय. घडी वाकडी, हात मंद, डोकं कुठे आहे. आणि या म्हणतात, जागा भरायची नाही. मी विचारलं, का गं? तर लांबोडी म्हणते, तू नसलीस की झोप येते.

तिची घडी न तपासता मी तशीच घरी आले. माझं असं होत नाही कधी.

आता सासूबाईंचं. पहिल्या दिवशी मी केस विंचरायला फणी घेतली, त्यांनी हातातून काढून घेतली. म्हणाल्या, फणीच्या दात्यांनी बोटं घासतील, बस खाली. बसले. मला वाटलं, ओढतील, कशीतरी गाठ मारतील. तुला ठाऊकच आहे त्यांचा हात कसा आहे. इतका हळू की मला बसल्या बसल्या पेंग आली. रोज संध्याकाळी आता हे चाललंय. परवा मध्येच म्हणाल्या, ‘तू लग्न होऊन आलीस, दुसऱ्या दिवशी सकाळी मी तेल आणि फणी घेऊन बसले होते. तू अंबाडा घातलास नि कामावर गेलीस. बघितलंसुद्धा नाहीस.’

मी म्हटलं, आई, मला माहीतच नव्हतं. मला उशीर होत होता.

त्या म्हणाल्या, ‘हो. तुला उशीरच होत होता.’ आणि वेणी पुरी केली.

इतकी वर्षं मी समजत होते की त्यांना तू आवडतेस, मी नाही. त्या समजत होत्या, हिला कुणाची गरज नाही. भिंतीकडे तोंड करून त्या निजायच्या, मीही तिकडे बघायचे नाही.

हे तुझ्यामुळे झालं. तू बोलावलं नसतंस तर माझी बोटं थांबली नसती. आभार मानायची मला सवय नाही, तेव्हा एकदाच लिहिते, पुन्हा मागू नकोस.

आणि ऐक, रेषा येताहेत. ह्यांनी भिंगातून बघितलं. अंगठ्यावर वाऱ्याने पाण्यावर उठतात तशा बारीक, नाजूक. हे म्हणतात, हात लावला तर पुसतील. मला यायचंय, चिमणे. मागच्या पत्रात जमणार नाही म्हटलं ते रागाने. त्या खिडकीशी बसून शिवायचंय, आणि शेजारच्या खोलीत तुझा आवाज ऐकायचाय. स्टूल पुसत राहा.

तुझी मोठी जाऊ


१७ एप्रिल

चिमणे,

नाही उमटले. अर्ज नामंजूर.

दोष माझा. आदल्या दिवशी कारखान्यात गेले होते, सगळ्यांना भेटायला. तिथे थप्प्या पडलेल्या दिसल्या, हात शिवशिवले, बसले घड्या घालायला. जेवढं उगवलं होतं तेवढं गेलं. तू म्हणाली होतीस, सावकाश होऊ द्या. माझ्याने झालं नाही.

मालकिणीची माफी माग. तिला म्हणावं, बाई चांगली होती पण बूड स्थिर नव्हतं. तुझी माफी मागत नाही, तू रडशील.

घरात सगळे ठीक. सोमवारपासून कामावर जाते आहे. याबद्दल सासूबाईंना किंवा तुझ्या दादांना काही विचारत बसू नकोस. विषय संपला.

तुझी मोठी जाऊ


२ मे

ताई,

तुम्ही सगळं चटकन करता, पण खोटं तुम्हाला चटकन जमत नाही. कारखान्यातल्या तिघींनी तुमची जागा धरून ठेवलेली, त्या तुम्हाला एका कागदाला हात लावू देतील? लांबोडीने तुमचा हात पिरगाळला असता.

आईंनी ह्यांना फोन केला होता. आईंनी! नंबर कुणाकडून तरी लावून घेतला.  म्हणाल्या, ‘मी तिचं काम घालवलं.’ त्या सकाळी साहेबांपुढे हात स्वच्छ दिसावेत म्हणून त्यांनी कोमट पाणी घेतलं आणि पाय घासायच्या वजरीने तुमची बोटं घासली. एकेक बोट, प्रेमाने. कचेरीतल्या मुलीने विचारलं, हात घासले होते का, आणि या वेळी सोबत आत गेलेल्या दादांनी ते ऐकलं आणि घरी येऊन सरळपणे सांगून टाकलं. त्यांना काय कळतंय, की काय बोलू नये! आई म्हणाल्या, ती मला एक शब्द बोलली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

ताई, मी रडले. पण तुमच्यावर रागावून नाही.

मालकिणीला खरं तेच सांगितलं.  तिने स्वतःचे दोन्ही हात उताणे करून माझ्यासमोर धरले. ताई, बोटं तशीच. कोरी. तिच्या बहिणीचीही होती म्हणे. आमच्या धंद्यात हे असंच असतं, म्हणाली. तिने तुमच्यासाठी हाडाची एक पट्टी दिली आहे, सोबत आहे. घडी अंगठ्याने न दाबता हिने दाबायची, म्हणजे बोटं राहतात. ती म्हणाली, मला हे फार उशिरा कळलं, तिला सांग.

आता एक अवघड गोष्ट. तीन वेळा लिहून फाडली. परवानगीची मुदत संपली, पुन्हा मिळणार नाही. तिला माणूस तर हवंच आहे. परवा मी सुईत दोरा ओवून दिला तर तिने सुई घेतली नाही, स्टुलाकडे बोट केलं. मी म्हटलं, ते माझ्या ताईंचं आहे. ती म्हणाली, तर मग तिला विचार.

ताई, बसू का मी? मला शिवणं येत नाही. तुमची जागा घेतल्यासारखं वाटतं. नको म्हणालात तर मी झाडू घेऊन सुखात राहीन.

तुमची चिमणी


२३ मे

चिमणे,

विचारतेस काय, बस.

स्टूल काय मी डोक्यावर घेऊन येणार होते? तू नाही बसलीस तर उद्या कुणी परकी बसेल. शिवण मी शिकवते. या पत्राच्या मागच्या पानांवर तुझ्या दादांनी चित्रं काढून दिली आहेत, टाका कुठून आत जातो, कुठून बाहेर येतो, गाठ कुठे. दोरा ओढताना कागद रडता कामा नये, एवढं ध्यानात ठेव. पहिली दहा वाकडी होतील. होऊ देत. मी शेजारी असते तर तुझ्या हातातून काढून घेतलं असतं आणि तू कधीच शिकली नसतीस. तेवढा एक फायदा बघ.

मला यायचं होतं. हे एकदा लिहून टाकते आणि मग नाही लिहिणार. कचेरीतून बाहेर आले तेव्हा पायरीवर बसले, आणि हे माझ्याशेजारी बसले, आणि बराच वेळ कुणी उठलं नाही.

आता वजरीचं. तुला खरं कळलंच आहे तर पुरतं कळू दे. सासूबाईंनी पहिलं बोट घासलं तेव्हाच मला समजलं. साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं, घासायचं नाही. हात मागे घेता आला असता. पण त्या मान खाली घालून, जीभ दातांत धरून घासत होत्या, लहान पोराला तयार करतात तशा. म्हणत होत्या, परदेशी लोक आहेत, हात बघून माणूस ओळखतील. एकदा मी त्यांची फणी न बघता निघून गेले होते आणि त्याला अर्धा जन्म लागला भरायला. आता हात ओढून घेतला असता तर? म्हणून दहाही बोटं दिली. एखादी रेष उरेल अशी आशा होती, ती नाही उरली. कुणाला हा वेडेपणा वाटेल. मला नाही वाटत.

त्यावर त्या अजून मला काही बोललेल्या नाहीत, मीही बोललेले नाही. त्यांना वाटतं घासताना मला कळलं नव्हतं, मला वाटतं त्यांना तसं वाटू द्यावं. पण वजरी मोरीतून दिसेनाशी झाली आहे. पाय घासायला मी विटेचा तुकडा आणलाय.

कामावर गेले. माझी जागा होती तशीच होती, टेबलावर माझ्या बाजूला एकही कागद ठेवला नव्हता. लांबोडी म्हणाली, ‘आली का करवत, झोप गेली.’ मी म्हटलं, घडी वाकडी आहे तुझी. सगळ्या हसल्या. मग मी तिची थप्पी ओढून घेतली आणि सरळ करून दिली, आणि त्या संध्याकाळी तिघींना चहा पाजला. मी चहा पाजला म्हणून मालकानेही खुर्चीतून मान वर काढून बघितलं.

मालकिणीला माझा नमस्कार सांग. दोन म्हाताऱ्या जिवांनी आणि तीन बायांनी, एका घड्याळजीने आणि तू, एवढ्या माणसांनी माझ्या दहा बोटांसाठी जीव टाकला. आजवर मला वाटायचं, ही बोटं फक्त कामाला आहेत.

हाडाची पट्टी फार सुंदर आहे. दोन दिवस वापरली, घडी अशी बसते की बघत राहावं. पण ती मी याच पाकिटातून परत पाठवते आहे. रागावू नकोस. माझी बोटं झिजायची ती झिजली आणि मला आता कुठे जायचं नाही. तू आजपासून कागदाला बसते आहेस. दोन-तीन वर्षांत तुझीही माझ्यासारखी होतील आणि मग कुठल्यातरी काचेपुढे तुला उभं करून कुणीतरी म्हणेल, जरा जोरात दाबा. तुला जाता-येता आलं पाहिजे. अंगठ्याने एकही घडी दाबायची नाही, पट्टीनेच. मला येता आलं नाही, तर तू ये.

थांबते आता. हात कामाला लागले तरी संध्याकाळची वेणी बंद झालेली नाही. सासूबाई मागे येऊन बसल्या आहेत, एका हातात तेलाची वाटी आहे, आणि विचारताहेत, उशीर होतोय का तुला.

नाही म्हणाले.

तुझी मोठी जाऊ